बागेच्या हर्बेरियमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका बागेचं छोटं हर्बेरियम मी गेली काही वर्षं सांभाळतो. खोली आडबाजूला आहे, त्यामुळे येणारे निम्मे लोक पाण्याचा नळ शोधत आलेले असतात. मग भिंतीवरची शीट, म्हणजे वाळलेली फांदी बसवलेला कागद, बघून थांबतात आणि विचारू लागतात. कॉलेजच्या मुलांचे प्रश्न वेगळे, बागेतल्या माळीकाकांचे वेगळे, आणि माळीकाकांचे बहुधा जास्त अवघड. तेच इथे लिहून काढले आहेत. मुंबईत हे काम म्हणजे बारा महिने वाळवण राखणं. पापड गच्चीवर वाळले की निम्मंच काम झालेलं असतं. ते सादळलेत की कुरकुरीत आहेत, हे जुलैत डबा उघडल्यावर कळतं.

हर्बेरियम म्हणजे औषधी वनस्पतींचं दुकान का?

नाही. शतावरी कल्प आमच्याकडे मिळत नाही. (दार उघडून विचारलं गेलं आहे, म्हणून लिहितोय.) हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेल्या आणि जाड कागदावर बसवलेल्या वनस्पतींचा संग्रह. आपल्याकडे हा कागद साधारण ४२ सेंटीमीटर उंच आणि २८ सेंटीमीटर रुंद असतो. त्यावर पानांसकट फांदी, फूल, जमल्यास फळ, आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. ही पद्धत सोळाव्या शतकात इटलीतल्या लुका घिनी नावाच्या प्राध्यापकाने रुळवली असं मानतात. तेव्हापासून कागद सुधारला, कपाटं सुधारली. दाबणं आणि वाळवणं तेच राहिलं.

बाहेर जिवंत झाड उभं असताना वाळलेलं कशाला जपता?

झाडं पडतात म्हणून. दर पावसाळ्यात बागेतलं एखादं मोठं झाड आडवं होतं आणि चार दिवसांत ओंडके उचलून जागा मोकळी होते. पाटी तेवढी राहते. पुढच्या महिन्यात तिथे दुसरं रोप लागतं, आणि जुनी पाटी त्याच्या गळ्यात पडते. दोन वर्षांनी शाळेची सहल येते, मुलं ती पाटी वहीत उतरवून घेतात, आणि चुकीचं नाव घरोघरी पोचतं.

दुसरं कारण नर्सरीचं. रोप येतं ते विकणाऱ्याने सांगितलेलं नाव घेऊन. फुलं येईपर्यंत ते खरं की खोटं नक्की सांगता येत नाही, आणि काही झाडं फुलायला दहा-वीस वर्षं घेतात. म्हणून बागेतल्या प्रत्येक झाडाला नोंदवहीत क्रमांक असतो. झाड फुललं की त्याचा नमुना काढायचा, त्यावर तोच क्रमांक घालायचा. या शीटला व्हाउचर म्हणतात, आणि शब्द अगदी बँकेतल्या अर्थानेच आहे: व्यवहार झाल्याचा कागदी पुरावा. उद्या कोणी म्हणालं की हे झाड ते नव्हेच, तर वाद शीट समोर ठेवून मिटतो.

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली खुली झाली. तिथे ब्रह्मदेशातली उर्वशी आहे, आफ्रिकेतली गोरखचिंच आहे. इतक्या जुन्या बागेत कोणतं झाड कुठून आलं, मूळचं कोणतं आणि मेल्यावर बदललेलं कोणतं, हा हिशेब पाट्यांच्या भरवशावर राहूच शकत नाही.

मुंबईत मोठं हर्बेरियम आहे का?

आहे, आणि ते बागेत नसून कॉलेजात आहे. सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम. एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी ते १९०६ मध्ये सुरू केलं. तिथे दोन लाखांच्या आसपास नमुने आहेत. पुढे तिथेच काम केलेले फादर सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. पुण्यात त्याच सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथलं हर्बेरियमही महाराष्ट्राच्या झाडांसाठी फार महत्त्वाचं. आमच्या खोलीत एखादं नाव सुटत नसेल तर आम्ही या दोन ठिकाणी जातो. छोट्या हर्बेरियमने मोठ्याशी स्पर्धा करू नये. आपल्या बागेचा एकेक इंच नीट नोंदवावा, तेवढं काम त्याला जन्मभर पुरतं.

फुललेलीच फांदी तोडता, झाडाला इजा होत नाही का?

हा माळीकाकांचा प्रश्न, दरवर्षीचा. काका, एक हातभर फांदी धारदार कात्रीने पेऱ्याच्या वर कापली तर झाड ते विसरून जातं. कोयत्याने हिसडा मारला तर मात्र साल सोलली जाते आणि तिथून कुजायला सुरुवात होते. दुर्मीळ झाड वर्षातून एकदाच फुलत असेल तर आम्ही आधी फोटो काढतो, मग एकच छोटी फांदी घेतो. बागेबाहेर नियम कडक आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा आणायचं नाही. प्रोजेक्टसाठी हवं होतं, हे कारण चालत नाही.

चिठ्ठीवर काय लिहायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

वाळल्यावर जे दिसणार नाही ते आधी लिहा. फुलाचा रंग दोन-तीन महिन्यांत उडतो, वास तर नमुना दाबायच्या प्रेसमध्येच जातो. झाडाची उंची, खोडाचा घेर, सालीचा पोत, चीक येतो का, आला तर कुठल्या रंगाचा, हे कुठल्याच फांदीवरून पुढे कळणार नाही. मग जागा. नुसतं ‘बोरिवली’ लिहिलेली चिठ्ठी मी परत पाठवतो. बोरिवली स्टेशनचा फलाट क्रमांक एक आणि कान्हेरी लेण्यांची वाट, दोन्ही बोरिवलीच. फोनवरून अक्षांश-रेखांश घ्या, पण शब्दांतही लिहा: ओढ्याच्या कुठल्या बाजूला, उतारावर की सपाटीवर, सावलीत की उन्हात.

बागेतला नमुना असेल तर ‘लागवडीतलं’ हा शब्द ठळक लिहा. हा एक शब्द गाळला तर पन्नास वर्षांनी कोणीतरी शीट बघून ती जात मुंबईत रानोमाळ वाढत होती असं छापेल. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला. दोन्ही आज इतके आपले वाटतात की गफलत सहज होते.

मराठी नाव लिहा, आणि कोणी सांगितलं तेही. ठाकर बाईने सांगितलेलं नाव आणि पुस्तकातलं नाव यांत फरक असला तर दोन्ही लिहा, पुस्तकाला झुकतं माप देऊ नका. शाई टिकाऊ वापरा. इंकजेट प्रिंटरची चिठ्ठी एका ओल्या बोटाने पुसली जाते. त्यापेक्षा साधी शिसपेन्सिल बरी.

तारखेला एवढं महत्त्व का?

कारवीचं उदाहरण घ्या. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. एखाद्या कपाटात कारवीच्या फुलोऱ्याच्या सगळ्या शीट तारखेने लावल्या की त्या अशाच गठ्ठ्यांनी येतात आणि मधल्या वर्षांत नुसती पानं. शंभर वर्षांपूर्वीचा गठ्ठा हाती लागला तर मागचं चक्र मोजता येतं. तारीख नसलेली कारवी म्हणजे वाळलेला पाला.

पावसाळ्यात नमुने वाळतात तरी कसे?

सह्याद्रीतली बहुतेक छोटी फुलझाडं, तेरडा, सोनकी, कवला, जमिनीवरच्या ऑर्किडच्या कितीतरी जाती, जून ते ऑक्टोबर या काळातच येतात. नेमक्या त्याच काळात मुंबईच्या हवेत घरातला टॉवेल दोन दिवस वाळत नाही.

प्रेसमध्ये नमुना जुन्या वर्तमानपत्रात ठेवतो, मध्ये टीपकागद, दोन्हीकडे लाकडी जाळी, वरून पट्टे आवळलेले. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे, आणि काढलेले ओले कागद पुन्हा वापरण्याआधी पूर्ण वाळवायचे. लोक पहिली गोष्ट करतात, दुसरी विसरतात. पावसाळ्यात टीपकागदांच्या मधे पन्हळी पुठ्ठे घालून प्रेस गरम हवेच्या पेटीत उभा ठेवतो, ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यापेक्षा जास्त तापवलं तर पानं करपतात आणि हात लावताच मोडतात. बल्बची पेटी सुताराकडून करून घेता येते. आमची पहिली तशीच होती.

दोन दिवस ट्रेकवर असाल आणि वाळवायची सोय नसेल तर नमुने वर्तमानपत्रात घालून गठ्ठा जाड प्लास्टिक पिशवीत ठेवा, त्यावर स्पिरिट ओता आणि तोंड घट्ट बांधा. कुजत नाहीत. रंग जातो, पण आकार टिकतो. त्या पिशवीसह लोकलच्या गर्दीत शिरू नका आणि जवळ कोणी विडी-काडी पेटवणार नाही हे बघा.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? गालाला लावा. गार लागलं तर अजून ओलं आहे.

निवडुंग, नारळ, कैलासपती… हे कागदावर कसं बसवता?

बसवत नाही, तुकडे करून मांडतो. निवडुंग आणि घायपात उभे चिरायचे, आतला गर खरवडायचा आणि साल दाबायची. काही रसाळ वनस्पती प्रेसमध्येही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, पालवीसुद्धा फोडतात. त्यांना आधी उकळत्या पाण्यात बुडवावं लागतं. माडाच्या झावळीची टोकाची, मधली आणि देठाकडची अशी तीन शीट होतात, पूर्ण लांबी चिठ्ठीवर लिहायची. कैलासपतीचं फळ तोफेच्या गोळ्याएवढं. ते वेगळ्या खोक्यात, शीटचाच क्रमांक घालून. तिवराची पानं पुसून घ्या, त्यांच्यावर मीठ असतं. आणि ती वाळल्यावर काळी पडली तर घाबरू नका, तिवराची सवयच ती.

फेविकॉल चालतो का?

बरेच जण वापरतात, पातळ करून. माझं मत विरुद्ध आहे, कारण पुढे नमुना सोडवायचा झाला तर तो सुटत नाही. गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जाड देठाला सुईदोऱ्याचे टाके, हे मला पसंत. सेलोटेप मात्र कधीच नको. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते, आणि डिंक पानावर ठेवून जाते.

कीड लागली तर?

हा प्रश्न ‘तर’चा नाही, ‘केव्हा’चा आहे. डब्यातल्या धण्यांना किंवा हळकुंडांना लागतो तो बारीक तपकिरी किडा आठवा. तोच. सिगारेट बीटल आणि त्याचा भाऊबंद ड्रगस्टोअर बीटल, हे हर्बेरियमचे मुख्य शत्रू. फुलं आणि बिया आधी खातात, म्हणजे ओळख पटवायला लागतं नेमकं तेच. शीटखाली कॉफीच्या भुकटीसारखा भुसा दिसला की समजायचं पाहुणे आले. कसर कागद आणि खळ खाते. वाळवी आली तर भिंतच तपासा.

उपाय गार आहे. शंका असलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गार कागदावर मुंबईची हवा लागली की थंड पाण्याच्या बाटलीसारखा घाम सुटतो, आणि किडा मेला तरी बुरशी येते. पूर्ण एक दिवस तशीच ठेवा. आमच्याकडे बाहेरून येणारी प्रत्येक शीट, कितीही मोठ्या संस्थेतून आलेली असो, आधी फ्रीझरमध्ये जाते आणि मग कपाटात.

फ्रीझर फक्त नमुन्यांसाठी आहे हे दारावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्यात एकदा कोणीतरी वाढदिवसाचं आइसक्रीम ठेवलं होतं. ते कोणाच्या पोटात गेलं नाही, याची मी स्वतः खात्री केली. का, ते पुढच्या उत्तरात.

डांबरगोळ्या किड्याला पळवतात, मारत नाहीत. बंद खोलीत दिवसभर त्यांच्या वाफेत बसणं माणसालाही बरं नाही. आम्ही त्या बंद केल्या. त्याऐवजी चिकट सापळे ठेवतो आणि दर महिन्याला मोजतो. कुठल्या कपाटाजवळ किडे वाढले ते वहीत दिसतं.

जुन्या शीट हाताळायला धोका आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. पूर्वी किडीपासून वाचवायला नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. पाऱ्याचं ते विष कागदात राहतं आणि हळूहळू वाफेने बाहेर पडतं. कधी कागदावर करडे-काळपट डाग दिसतात, कधी काहीच दिसत नाही. म्हणून जुनं कपाट उघडल्यावर थोडा वेळ खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, शीटवर वाकून नाक लावू नका आणि टेबलावर चहा नको. प्यायचाच तर बाहेर बाकावर या, मी पण येतो.

एसी रात्रभर चालू ठेवता? विजेचा अपव्यय नाही का?

सुमारे २० ते २३ अंश आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, हे आमचं लक्ष्य. जुलैत बाहेरची आर्द्रता ८०च्या वर असते. दिवसा एसी आणि रात्री बंद हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण रात्री दमट हवा आत शिरते आणि सकाळी गार झालेल्या पत्र्यावर पाणी धरतं. एका पावसाळ्यात काटकसर म्हणून आम्ही तेच केलं. गणपती झाल्यावर कपाट उघडलं तर कुबट वास आणि गवतांच्या दोन खणांवर पांढरी बुरशी. ती ब्रशने साफ करण्यात माझी दिवाळी गेली. पैसे कमी असतील तर एसीआधी डिह्युमिडिफायर घ्या. थोडी ऊब कागद सहन करतो, ओल नाही.

पाणी शिरलं तर काय?

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईत तळमजल्यावर कागद ठेवणाऱ्याने हा प्रश्न विचारायची गरज नाही, उत्तर तयार ठेवायची आहे. सर्वांत खालचा खण रिकामा. कपाट पायांवर उचललेलं. आणि भिजलंच, तर शीट उन्हात पसरू नका, एकमेकांपासून ओढून सोडवू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, त्याआधी गठ्ठे तसेच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. मग सवडीने थोडे थोडे काढून वाळवायचे. स्वतःचा फ्रीझर पुरणार नाही. जवळपासच्या मासळीच्या शीतगृहवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा, हा सल्ला मी गंमत म्हणून देत नाहीये.

वनस्पतींची नावं बदलतात तेव्हा जुनी चिठ्ठी काढून टाकता का?

कधीच नाही. बाभूळ पूर्वी अकेशिया होती, आता तिला व्हॅचेलिया म्हणतात. खैर सेनेगालिया झाला. आपट्याचंही बाउहिनियातून बारसं झालं. नवं नाव, तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली छोटी चिठ्ठी जुनीच्या वर चिकटवायची. एखाद्या शीटवर अशा चार चिठ्ठ्या असतात, आणि चार अभ्यासकांचं भांडण सरळ वाचता येतं. चौथा नेहमीच बरोबर असतो असं नाही.

स्कॅन झाल्यावर मूळ शीट ठेवायची गरज काय?

स्कॅन आम्ही करतोय, ६०० डीपीआयने, बाजूला रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून, प्रत्येकावर बारकोड. त्यामुळे शीट वारंवार हाताळावी लागत नाही आणि नागपूरच्या विद्यार्थ्याला मुंबईचं तिकीट काढावं लागत नाही. पण फोटोतलं फूल भिजवून उघडता येत नाही, पानामागची लव भिंगाखाली धरता येत नाही, आणि त्यातून डीएनए निघत नाही.

डीएनएसाठी पानाचा तुकडा मिळेल का?

अर्ज लिहा. शीटवर सुटं पान असेल तर त्यातला नखाएवढा तुकडा मिळतो, घेतल्याची नोंद शीटवर होते. बागेत झाड जिवंत असेल तर नाही. ताजं पान ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये घालून न्या, ते जास्त चांगलं.

शीट उसन्या देता का? परदेशात?

देशातल्या हर्बेरियमना देतो, संस्थेच्या नावे, मुदत ठरवून, व्यक्तीला नाही. परदेशी पाठवायचं तर जैवविविधता कायदा, २००२ आडवा येतो. आधी कागदपत्रं, मग पार्सल.

जमेल तेव्हा एका झाडाचे दोन-तीन नमुने काढून एक दुसऱ्या हर्बेरियमला कायमचा देऊन टाकतो. मार्च १९४३मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम बरंचसं जळालं, तेव्हा ज्या नमुन्यांच्या जोडशीट इतरत्र गेल्या होत्या त्यांचा पुरावा तरी वाचला.

आजोबांच्या ट्रंकेत वाळलेल्या झाडांच्या वह्या सापडल्या. घ्याल का?

आधी बघू. जागा आणि तारीख लिहिलेली असेल तर फार आनंदाने. नसेल तरी फेकू नका. आजोबांची डायरी, पत्रं, रेल्वेची जुनी तिकिटं यांवरून कधी कधी जागा जुळवता येते. पानं सुटी झाली असली तरी ज्या पानात होती त्याच पानात राहू द्या, वही झटकू नका, नवी चिकटपट्टी लावू नका. मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बांधा आणि कामाच्या दिवशी सकाळी अकरानंतर आणा. तुमच्यासमोर पिशवी उघडणार नाही, त्याचा राग मानू नका. ती थेट फ्रीझरमध्ये जाईल. दहाएक दिवसांनी फोन करतो, मग आपण दोघं मिळून उघडू.